उतारा

छापखान्यातल्या स्फोटातून मुद्रितशोधक वाचले, पण तेव्हापासून कुठे काही धाडकन वाजलं की ते बसल्या जागेवरून निघून जायचे. डोळे उघडे, हातात कप, आणि माणूस घरात नाही. हाका मारून, हलवून काही उपयोग नसे. शेवटी बायकोनेच उतारा शोधला. चूक कानावर पडली की हाडीमाशी खिळलेली सवय त्यांना ओढून परत आणायची.

आज शेजारचा लोखंडी दरवाजा आदळला आणि कप हवेतच थांबला.

"नाचता येईना, छप्पर गळकं," बायको मोठ्याने म्हणाली. ते हलले नाहीत.

"गाढवाला साखरेची चव काय!" कप तसाच.

"अहो, अति तिथे गती!"

ओठ हलले. "माती," ते पुटपुटले. "अति तिथे माती."

"अगंबाई, चुकलंच की हो माझं!" ती डोळे पुसत हसली.

"चुकतेस कसली! जन्मभर शाळेत भाषा शिकवलीस." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण पहिल्या दोन म्हणी मागच्याच वेळच्या होत्या. नव्या चुका काढत जा गं, म्हणजे मला लवकर येता येईल."