कलेजीचा पहिला तुकडा

वादळात विमान येईना, म्हणून ग्रीनलंडच्या त्या खेड्यात मी निवीच्या घरी अडकून पडले होते. तिच्या सासूने घरात उरलेली सीलची कलेजी शिजवली आणि रिवाजाप्रमाणे पहिला तुकडा गरोदर सुनेच्या ताटलीत वाढला.

निवीच्या रक्तात पारा किती चढलाय, हे माझ्या यंत्राने कालच दाखवलं होतं. तो चढला होता याच कलेजीतून. पण संशोधन चार देशांचं. चारही देशांच्या मंजुरीशिवाय निकाल कुणालाही सांगायचा नाही, या नियमाखाली नागपूरहून निघताना मीच सही केली होती.

निवीने घास उचलला आणि मी तिचा हात धरला. नियम गेला खड्ड्यात!

"खाऊ नकोस. यात पारा आहे. बाळाच्या मेंदूला बाधेल."

सासूला इंग्रजी येत नव्हतं. पोटावर हात ठेवून निवीनेच तिला सगळं सांगितलं. म्हातारी काहीतरी पुटपुटली.

"त्या विचारतायत," निवी म्हणाली, "विमान नाही म्हणून दुकानही रिकामं आहे. मग सुनेने खायचं काय?"



म्हातारीने तो तुकडा मधोमध कापला आणि अर्धा माझ्या ताटलीत ठेवला.

निवीने सासूचं म्हणणं मला सांगितलं, "विमान येईपर्यंत तुम्हालाही हेच खायचंय."