औषधाचा रकाना

"उजवाच ना?" नेत्रपेढीच्या तंत्रज्ञाने दुसऱ्यांदा विचारून घेतलं. मग बर्फाची पेटी दाराशी ठेवून तो हलक्या आवाजात म्हणाला, "तेवढा पंखा बंद करा, ताई. डोळा सुकतो. हाताशी तीन-चार तास आहेत, तुमचं सावकाश होऊ द्या."

थोरलीने पंखा बंद केला. बाकी सगळं तिने आधीच केलं होतं. बाबांच्या डोक्याखाली जास्तीची उशी सरकवली होती, मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या होत्या. सकाळी फोनवर बाबा गेल्याचं सांगितल्यावर धाकटी "कधी?" म्हणाली होती, आणि लगेच, "डोळे ओले ठेव."

धाकटी आता पलंगाला खुर्ची लावून अर्ज भरत होती. ती डोळ्यांची डॉक्टर. काचबिंदूत डोळ्याच्या आत पाणी साठून दाब चढतो. ते पाणी हळूहळू बाहेर सोडणारी केसाएवढी नळी तिने दहा वर्षं खपून बनवली होती. नात्यातलं माणूस पहिल्या प्रयोगात नको, असं तिचे वरिष्ठ म्हणाले होते. बाबा हट्टाला पेटले आणि त्यांनी उजवा डोळा पुढे केला. त्याला तीन वर्षं झाली. नळी आत कशी रुजली ते तपासायला तिला आता तो डोळा हवा होता. अर्जावर दोन्ही मुलींची सही लागणार होती.

"माझी सही कशाला?" थोरली म्हणाली. "तो डोळा तुझाच. बाबा दूधवाल्याला सुद्धा वाकून दाखवायचे. बघ, म्हणे, आत माझी धाकटी आहे."

"ताई, आत्ता नको ना."

"त्याआधी नऊ वर्षं सकाळ-संध्याकाळ दाब उतरवायचे थेंब मी घातले. तर काय म्हणायचे? झोंबतंय गं, जरा हळू."

धाकटीने बाबांचं वय लिहिलं, शस्त्रक्रियेची तारीख लिहिली. शेवटच्या तपासणीतला दाब: चौदा. सगळ्या रुग्णांत तो आकडा सर्वांत चांगला होता. त्या डोळ्याचे थेंब सुटले, हेच तर त्या नळीचं मोठेपण. पुढच्या महिन्यात ती आणखी दोनशे जणांना बसवायची होती. 'चौदा' लिहिताना धाकटीचं पेन जरा मिरवत चाललं, असं थोरलीला वाटलं. बाबा समोर असे पडलेले असताना मनात तोच जुना हेवा आला आणि तिची तिलाच लाज वाटली.

"डाव्यात थेंब चालू," धाकटी पुटपुटत औषधाचा रकाना भरू लागली. "उजव्यात... नाही."

"थांब. उजव्यातही."

"काय उजव्यातही?"

"थेंब. डाव्यात घालायचे, मग उजव्यात."

धाकटीने पेन उचललं नाही. कागदावर शाईचा ठिपका पसरत गेला. "कधीपासून?"

"तू पट्टी काढलीस त्या आठवड्यापासून."

"मी जरा पाणी पिऊन येतो," म्हणत तंत्रज्ञ बाहेर गेला.

पहिल्या दिवशी हात सवयीने गेला होता. दुसऱ्या दिवशी सवयीने नाही. बाटली उजव्या डोळ्यावर धरून थोरली क्षणभर थांबली होती आणि तिच्या मनात आलं होतं, हा अख्खा तिला का म्हणून द्यायचा? मग तिने बाटली दाबली होती.

"बाबा काही बोलले नाहीत?"

"नाही. मान मागे टाकून बसायचे, पूर्वीसारखे. फक्त तुझ्याकडे तपासणीला जायच्या दिवशी डोळे नीट पुसून घ्यायचे."

"म्हणजे हे चौदा नळीचे, की थेंबांचे?" धाकटीने लिहिलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

थोरली वाट बघत राहिली. हा क्षण तिने तीन वर्षं मनात घोळवला होता. त्यात धाकटी किंचाळायची, भांडायची, कधी कधी रडायची. समोरच्या धाकटीने मात्र 'नाही' वर आडवी रेघ मारली. शेजारी औषधाचं नाव लिहिलं, पुढे लिहिलं, 'रोज दोन वेळा, तीन वर्षं', आणि अर्ज थोरलीकडे सरकवला.

थोरलीने सही केली. धाकटीने तिच्याखाली केली.

"दोनशे जणांचं आता?" थोरलीने विचारलं.

"थांबवावं लागेल. मीच कळवते." धाकटीने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "रोज दोनदा?"

"हं."

"खालची पापणी बोटाने ओढून?"

"मग काय, दारातून नेम धरून?"

धाकटी बाबांकडे बघत होती. "माझ्याकडे महिन्यातून एकदा यायचे. मी यंत्रावर हनुवटी टेकवून बसवायचे त्यांना. ते काचेच्या त्या बाजूला, मी या बाजूला. तीन वर्षांत हातमोजा न घालता त्यांना हात नाही गं लावला मी."

आणि ती थोरलीच्या बोटांकडे बघत राहिली. ती नजर थोरलीच्या चांगल्या ओळखीची होती; तीन वर्षं ती स्वतः त्या उजव्या डोळ्याकडे अशीच बघत आली होती. तिने हात मागे घेतला.