रबरी टोपी

भर ओढ्यात जीप अडकली. इंजिन बोंबलत होतं, पण चाकं हलेनात. "वहिनींचा पाय क्लचवरच असतो, प्लेट जळणारच. उद्यापासून दुधाची फेरी मी मारतो," धाकट्या दिरांनी सगळ्यांसमोर सुनावलं. सकाळी मी गिअरबॉक्स उतरवला. क्लचच्या डब्यात चिखल भरला होता. क्लचचा दांडा जिथून बाहेर येतो, त्या भोकावर चिखल-पाणी अडवायला रबरी टोपी असते, ती गायब. मागच्या वेळी प्लेट दिरांनीच बसवली होती. तेव्हा टोपी फाटलेली निघाली, तर "हिच्यावाचून काय अडतंय," म्हणत त्यांनी ती उकिरड्यावर फेकली. मी डबा धुऊन कोरडा केला, नवी प्लेट बसवली, जाड रबर कापून भोकावर आवळलं. संध्याकाळी दीर दारात आले. "वहिनी, माझा एकच गमबूट सापडतोय." "दुसरा जीपला घातलाय, भाऊजी," किल्ली कमरेला खोचत मी म्हणाले. "ओढ्यात रोज तीच उतरते."