हिरवी बाई

मुलांनो, जरा कल्पना करा. शंभर वर्षांपूर्वीचं, ड्रेस्डेनजवळचं एक गाव. तिथल्या खाणावळीत आज एक भलंमोठं तैलचित्र लागलंय. तळ्याचं पाणी नारिंगी, काठावर अंघोळ करणाऱ्या बायका हिरव्यागार, आणि अंगावर कपड्याचा पत्ता नाही!

त्यातली मधली बाई म्हणजे छोट्या त्रीनेची ओटिली मावशी. हे चित्रकाराखेरीज फक्त त्या दोघींनाच ठाऊक होतं. मावशी चर्चच्या शाळेत शिकवायची. पाद्रीबाबांना कळलं असतं, तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

पाद्रीबाबा चित्रासमोर येऊन उभे राहिले. मावशीनं त्रीनेचा हात घट्ट धरला.

"या बायका आहेत होय?" शेवटी ते हसले. "मला तर बेडूक वाटले! आणि ही मधली तर अगदीच थोराड."

त्रीनेला हायसं वाटलं. मावशीचे कान मात्र लाल झाले.

"थोराड? पाद्रीबाबा, नीट बघा तरी! हे खांदे थोराड आहेत? अहो, हे तर मा..."

 

त्रीनेनं दुसऱ्या हातातला अख्खा केक मावशीच्या तोंडात कोंबला.