भरतीचा कोड

"कोडला हात लावायचा नाही!" कॉरिगननं काउंटरवर थाप मारली. गळांचा डबा उडाला.

"अरे, चूक माझी आहे, मीच निस्तरते. फुकटात!" टॅमसिन म्हणाली. "रविवारी उन्हाळी वेळ संपते, घड्याळं तासभर मागे जातात. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणाऱ्या प्रोग्रामला ते कळतच नाही. ओहोटी तासभर उशिरा दाखवेल. माणसं कालवांच्या टोपल्यांपाशी चिखलात असतील आणि पाणी पाठीमागून येईल. माझा भाऊपण असेल त्यात."

"सोमवारी सिडनीवाले हा प्रोग्राम विकत घेतायत. आज मी बोंब मारू, माल नासका आहे म्हणून?"

"तोवर कुणीतरी बुडेल!"

"खाडीवरची माणसं आहेत. पोहतील." कॉरिगननं दात कोरले. "करार आठव, पोरी. तू फ्रीलान्सर. काम केलंस, कोड माझा झाला. तुझ्याकडची प्रत तू पुसलीस, सहीनिशी."

पुसली होती खरी. पण सही करताना तिनं त्याला दोनदा बजावलं होतं. भरतीचं गणित तिचं नव्हतं, ओपन सोर्समधून घेतलेलं होतं, आणि त्याचा परवाना भलता चिकट. ते गणित ज्या प्रोग्राममध्ये शिरलं, त्याचा अख्खा कोड विकत घेणाऱ्यानं मागितला की द्यायचा. मग त्यानं तो सुधारावा, गावभर वाटावा. नाही दिला, तर प्रोग्राम विकायचा हक्कच गेला. कॉरिगन तेव्हा खो-खो हसला होता. "कालवंवाले कोड मागणार? ते पावतीसुद्धा नेत नाहीत!"

आत्ताही तो हसतच होता.

"चल, निघ. मला दुकान चालवायचंय. मी फक्त गिऱ्हाइकांचं ऐकतो."

टॅमसिन दारापर्यंत गेली. दाराचा दांडा हातात धरून तशीच उभी राहिली. मग वळली. फळीवरून प्रोग्रामचं एक खोकं उचललं आणि काउंटरवर ठेवलं.

"काय गं, आठवण म्हणून नेतेस?" कॉरिगनला विकायचा मोह कधी आवरला होता? त्यानं कार्डाचं यंत्र पुढे सरकवलं. तिनं कार्ड टेकवलं. यंत्र टिंग वाजलं.

सवयीनं त्याचा हात पिशवीकडे गेला.

"पिशवी नको," टॅमसिन म्हणाली. "कोड दे."