कुशाबा जामीन राहतो

कुशाबानं अंगठ्याला शाई लावून घेतली आणि कागदावर टेकवायच्या आधी एकदा हैबतरावाकडं बघितलं. पौडच्या कचेरीत मे महिन्याचा उकाडा होता. हैबतरावानं टोपी काढून घाम पुसला.

गोष्ट छप्पन सालची. हैबतरावाचा पोरगा जयसिंग पुण्यात वकिलीची परीक्षा पास झाला होता. आता त्याला विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचं होतं. तिथल्या संस्थेनं जागा दिली, बोटीचं तिकीट ठरलं, आणि सगळं घोडं अडलं पासपोर्टाच्या जामिनावर. जामीन राहणारा जमीनवाला हवा, पण नात्यातला नको. पोरगा तिकडंच अडकला, तर त्याला परत आणायचा भार जामीनदाराच्या डोक्यावर. आता त्यांच्या गावात, कोळवणात, जमीनवाले काय थोडे होते? पण जो तो हैबतरावाचा चुलता, नाहीतर मेव्हणा. नात्यात न बसणारा एकटा कुशाबा. आणि कुशाबाशी हैबतरावाचा अकरा वर्षं दावा चालू होता.

दावा दीड हात बांधाचा. त्या दीड हातात फार तर पायलीभर भात पिकला असता. पण दोघांनी एक तारीख चुकवली नाही. पहाटे एकाच यष्टीनं पुण्याला जायचे, एक पुढं बसायचा, एक मागं. कोर्टात एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचे आणि संध्याकाळी त्याच यष्टीनं परत यायचे.

हैबतराव एरवी मेला असता तरी कुशाबाच्या दाराची पायरी चढला नसता. त्याला धाडलं गोजराबाईनं, त्याच्या बायकोनं. "पोराचं कल्याण मोठं का तुमच्या मिशा?" एवढंच ती म्हणाली. तो गेला. खाली मान घालून सगळं बोलला. कुशाबानं तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्याच्या यष्टीनं जाऊ." बास. ना हो, ना नाही. हा गडी ऐन कचेरीत आपला पाणउतारा करणार, हे हैबतरावानं वाटेतच गृहीत धरलं होतं.

आणि आता तो अंगठा अधांतरी थांबला होता.

कारकुनानं चष्म्यावरून विचारलं, "मुलगा परत येईल याची खात्री आहे का तुम्हाला?"

"हाय की."

"कशावरून?"

"सायब, अंगठा कुटं मारायचा ते सांगा."

कारकुनानं बोट दाखवलं. अंगठा उमटला. वर शिक्का पडला. अकरा वर्षांचा वैरी जयसिंगला जामीन राहिला.

बाहेर आल्यावर हैबतरावाला भडभडून आलं. चारचौघांत रडायचा माणूस नव्हता तो, पण रडला. कुशाबाचा शाईनं माखलेला हात त्यानं दोन्ही हातांत धरला.

"कुशाबा, चुकलं माझं. त्यो बांध तुजा. असंच पुण्याला जाऊ, वकिलाला सांगू, दावा काढून घेतो म्हणून."

कुशाबानं हात हिसकावून घेतला.

"येडा का काय तू? दावा काढायचा न्हाई. सोमवारी तारीख हाय, गुमान यायचं."

"आरं, पण बांध तुलाच देतोय की मी!"

"मला नगं." कुशाबा चिडून बोलला. "पोरगं वकील झालंय तुजं. बापाचा दावा अर्धा टाकून तिकडं कुटं ऱ्हाईल त्ये? त्या खात्रीवर अंगठा दिलाय म्या."

कुशाबा धोतराला अंगठा पुसत बसला. शाई निघेना. तरी तो पुसतच होता. मग खाली बघूनच बोलला, "माजा गेणबा बोटीवर खलाशी म्हणून गेला, तवा म्या समदं मिटवून दिलं व्हतं. वाटण्या झाल्या, भावाभावांची भांडणं मिटली. म्हनलं, पोराच्या जिवाला मागं घोर नगं. त्यो बी खूश. घरी समदं बरं हाय, असं त्येला वाटलं."

यष्टी आली. कुशाबा उठला.

"सात वरसं वाट बघतोय, हैबती. त्येला अजून तसंच वाटतंय."