बनवणारीचं नाव
विकतच्या कॉम्प्युटर गेमची कुलपं तोडून ते फुकट वाटण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. यावेळी गेममधली ‘नात’ नावाची एक फाइल काही केल्या उघडेना, तेव्हा त्याने ती सरळ उडवली. नेहमीप्रमाणे गेम बनवणारीचं नाव पुसून तिथे स्वतःचं घातलं. “बाबा, मी अंगणात खेळते,” लेक म्हणाली. “हं.” त्याने मानही वर केली नाही. गेम सुरू झाला. पडद्यावर एक म्हातारी बसली होती, हातात लहान मुलीचा एकच लाल बूट. ती सावकाश वळली. “हे सगळं तूच बनवलंस ना?” त्याने हसत ‘हो’ दाबलं. “मग माझ्या नातीला कुठे ठेवलंस रे?” त्याने घाईने ‘नात’ ही फाइल शोधली. उडवलेली फाइल कायमची गेली होती. त्याने कॉम्प्युटर बंद करून लेकीला हाक मारली. ओ आली नाही. दारात तिचा एकच लाल बूट होता.